तो दुसरा फोटो

सुमे, उद्या तुझा बारावा, आणि घरात तुझा एक धड फोटो नाही.

तुझा परशा सकाळपासून आधारकार्ड हातात घेऊन ओट्यावर बसलाय. त्यावरचा फोटो तुला माहीतच आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठ आवळलेले, कपाळावर घाम. तो काढून आलीस त्या दिवशी तूच म्हणाली होतीस, "अक्का, ह्यो फोटो बगितला तर मला चोर म्हणून धरून न्हेतील." आता तोच मोठा करून चौकटीत बसवायचा आणि त्याला हार घालायचा असं ठरतंय. रामनगरचा फोटोवाला चार वाजता येऊन कार्ड घेऊन जाणार आहे. माझी विद्या गोव्याहून आली त्या दिवसापासून मोबाईल चाळतेय. त्यात तू आहेस, पण सगळीकडे वाकलेली नाहीतर पाठमोरी. एकात करिया कुत्र्याच्या कानातली गोचीड काढतेयस, एकात पदर तोंडावर धरून पळतेयस. पोरगी रडत म्हणाली, "काकीचं त्वांड दिसंल असा एक बी फोटो न्हाई गं आई." मी काही बोलले नाही. चुलीत लाकूड सारलं.

बोलले नाही, कारण तसा फोटो आहे. माझ्या लोखंडी ट्रंकेत, तळाला, लग्नातल्या शालूखाली. तीन वर्षांपूर्वी मीच तो तिथे लपवला. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, ह्यांनाही नाही. आज सुतक संपलं म्हणून अंगणवाडी उघडली. मुलं जेवून घरी गेली आणि मी वजनांच्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर तुला लिहीत बसलेय. चार वाजायला दोन तास आहेत. तोवर मला काय ते ठरवायचंय, आणि भांडल्याशिवाय मला काही ठरवता येत नाही. भांडायला मला तूच लागतेस.

तर आधी सरळ सांगून टाकते. मी तुझ्यावर जळत होते. थोरल्या जावेनं धाकटीवर जळावं यात नवल काही नाही, घरोघरी तेच चालतं. पण लोक दागिन्यावरून जळतात, रंगावरून जळतात, सासू कुणाला जास्त मानते त्यावरून जळतात. मी कुत्र्यांवरून जळत होते. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

मी खानापूरकडची. दहावी झालेली. नंदिगड्ड्याला या घरात सून म्हणून आले तेव्हा बरोबर ही ट्रंक होती आणि एक शिलाई मशीन. दोन दिवस माहेरची माणसं राहिली, तिसऱ्या दिवशी जीपमध्ये बसून गेली. मागे वळून बघताना भाऊ जांभई देत होता, ते मला अजून आठवतं. पुढे सहा वर्षांनी तू आलीस बाजारकुणंगहून, परशाची बायको होऊन. हातात एक पिशवी. आणि तिसऱ्या दिवशी तुझ्या मागून तुझ्या माहेरची कुत्री आली. मधे किती डोंगर, किती ओढे, नुसतं जंगल. कान फाटलेला, पंजात काटे, पोट पाठीला लागलेलं. अंगणात आली, तुझ्या पायावर तोंड ठेवलं आणि झोपली. अख्खा गाव बघायला आला. नवरीला बघायला आले नव्हते इतके लोक कुत्रीला बघायला आले. सासूबाईंनी तर हळदीचं तेल करून तिच्या पंजाला लावलं. माझ्या पायाला लग्नात चपलेचा फोड आला होता, तो कुणी विचारला नव्हता.

त्या कुत्रीचीच पुढची पिल्लावळ म्हणजे आपली चार. नावं तू ठेवलीस. सगळं काम दुसऱ्याला करायला लावून आपण दगडावर बसून देखरेख करतो तो मेस्त्री. खाकी रंगाचा, कुणालाही अडवणारा तो गार्ड. काळा तो करिया. आणि जिला कुणी रागावलं की दिवसभर तोंड फिरवून बसते ती चिंगी. खरा फॉरेस्ट गार्ड एकदा चौकशीला आला तेव्हा तू गोठ्यातून ओरडलीस, "गार्ड, हिकडं ये रं, भात खा." तो बिचारा खरंच दोन पावलं पुढे आला. त्या दिवशी मीही पोट धरून हसले होते, हे तुझ्या बाजूनं लिहून ठेवते.

पण एरवी माझा जळफळाटच व्हायचा. मी घरात आले की मेस्त्री एक डोळा उघडून परत मिटायचा. तू नुसती वळणापाशी आलीस, अजून दिसलीही नाहीस, तरी चौघं उठून उभी. आणि कुत्र्यांवर भागलं असतं तरी बरं. मी अंगणवाडीत गावच्या पोरांना गाणी म्हणून दाखवायची आणि माझी पोर तुझ्या कडेवर मोठी झाली. विद्याला ताप आला की ती "काकी" म्हणून कण्हायची. मी उशाशी बसलेली असायचे.

म्हणून मी पिंकी आणली. तुला तेव्हा सांगितलं की भावाकडे पिल्लं जास्त झालीत म्हणून. खोटं. मी मुद्दाम मागून आणली. पांढरीशुभ्र, गुळगुळीत केसांची, शहरातली. गळ्यात लाल पट्टा. ही माझी, असं मी घरात सगळ्यांना ऐकवलं. तिला मी दूधभाकरी घालायची, तू बाकीच्यांना पेज ओतायचीस. पंधरा दिवस झाले आणि एका सकाळी बघते तर पिंकी तुझ्या पायाशी मुटकुळं करून झोपलेली.

मी तिथल्या तिथे तुला विचारलं, "काय करतीस गं तू त्यास्नी? काय खायाला घालतीस?"

"काय न्हाई वो अक्का," तू म्हणालीस. "तुमी लई बोलवतासा. दिवसभर पिंकी पिंकी पिंकी. मी बोलवतच न्हाई. बसते नुसती."

तुला वाटलं तू मला युक्ती सांगतेयस. मला वाटलं तू मला शहाणपण शिकवतेयस. आठ दिवस मी तुझ्याशी जेवण वाढण्यापुरतंच बोलले, आणि त्या आठ दिवसांत पिंकीला एकदाही बोलावलं नाही. ती आली नाही.

आता त्या फोटोकडे येते.

विद्याला गोव्यात नर्सची नोकरी लागली. दिवाळीनंतर जायची होती. तिनं हट्ट धरला की खोलीत लावायला घरच्यांचा फोटो पाहिजे, कुत्र्यांसकट. फोटोवाला रामनगरहून गाडीवर तिपाई बांधून आला. ह्यांनी नवा शर्ट घातला, परशानं केसांना तेल थापलं. मी मोरपंखी साडी नेसले आणि मधल्या खुर्चीत बसले. माणसं बसली, पण कुत्री बसेनात. मेस्त्री उठून तिपाई हुंगायला जायचा, चिंगी रुसून पाठ करायची, गार्ड फोटोवाल्यालाच कुंपणाबाहेर घालवायला बघायचा. तासभर असंच गेलं. शेवटी तो कंटाळून म्हणाला, "कुणीतरी कसला तरी आवाज करा वो. कान टवकारून हिकडं बगतील."

आणि मी, गावात पंचवीस वर्षं काढलेली बाई, उठले आणि ओट्याच्या कोपऱ्यातला डबा घेऊन काठीनं बडवला.

डुकरं हाकलायचा डबा, सुमे! भात कापणीला आलेलं. त्या डब्याचा आवाज म्हणजे शेतात डुकरं घुसली, याशिवाय त्या कुत्र्यांना दुसरा अर्थ माहीत नाही. पाचही कुत्री बंदुकीतून सुटल्यासारखी शेताकडे गेली. पिंकीनं आयुष्यात डुक्कर पाहिलं नव्हतं, तीही सगळ्यांच्या पुढे. तिपाई आडवी झाली, कॅमेरा त्यानं पोटाशी धरला म्हणून वाचला. कुत्र्यांचं सोड. नवा शर्ट घातलेले हे खुर्चीतून उठले आणि "हाणा रं" म्हणत कोयता घेऊन पळाले. त्यांच्या मागून परशा. अंगणात मी, विद्या, फोटोवाला आणि चार रिकाम्या खुर्च्या.

तू पायरीवर बसून हसत होतीस. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत. मला आधी तुझाच राग आला, मग डब्याचा.

मग तू उठलीस, शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिलीस. हाक नाही, शीळ नाही. मेस्त्री चिखलानं भरून परत आला, मागून गार्ड, मागून सगळी. पिंकी तर काळी झाली होती. तू पदरानं तिला पुसलंस आणि अंगणात आणून बसवलंस. आणि तेव्हा मी म्हणाले, "सुमे, तू त्या फणसाखाली उभी ऱ्हा. तुज्याकडं बगत गप बसतील."

विद्या म्हणाली, "आई, काकी बी पायजे की."

"तिचा मागनं येगळा काढू."

तू "व्हय अक्का" म्हणून फणसाखाली जाऊन उभी राहिलीस. सांगायला बरं होतं, कुत्र्यांसाठी म्हणून. पण मला मनात पक्कं ठाऊक होतं मी काय करतेय. माझ्या लेकीच्या खोलीत जो फोटो लागणार, त्यात तू नको होतीस.

तो फोटो पुढच्या खोलीत अजून आहे. चार माणसं समोर बघतायत आणि पाचही कुत्री डावीकडे. पाहुणे विचारायचे, ही कुत्री कुणाकडं बगायला लागल्यात? तू चहा देत म्हणायचीस, "डुकराकडं." सगळे हसायचे. मी तुझ्याकडे बघायची, की यात काही टोचणी आहे का. कधी दिसली नाही.

दुसरा फोटो नंतरचा. फोटोवाल्यालाच वाईट वाटलं असावं. तो म्हणाला, "वैनी, आता तुमी बसा." तू खुर्चीत बसली नाहीस, जमिनीवरच बसलीस. मेस्त्रीनं गुडघ्यावर हनुवटी टेकली. करिया पाठीशी उभा राहिला. चिंगी, गार्ड दोन्ही बाजूंना. आणि पिंकी सरळ मांडीत. कुणी बसवलं नाही. मी बाजूला उभी राहून बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "माझी पिंकी दे हिकडं," म्हणत मी तुझ्या खांद्यावरून हात घातला, आणि त्याच क्षणी त्यानं बटण दाबलं.

दोन्ही फोटो आणायला मीच रामनगरला गेले. बसमध्ये पाकीट उघडलं. सुमे, त्या फोटोत तू तोंड भरून हसतेयस. दात दिसतायत, पदर घसरलाय, चिखलाचा एक डाग गालावर आहे. पाचही कुत्री आहेत. आणि मी कुठे आहे? माझं तोंड बाहेरच राहिलंय. नुसता एक हात आत आलाय, हिरव्या बांगड्यांसकट. माझ्या अंगणात, माझ्या लेकीसाठी काढलेल्या फोटोत मी एक हात! तू इतकी सुंदर आहेस हे मला एकोणीस वर्षं एका चुलीवर राबून कळलं नव्हतं, ते त्या बसमध्ये कळलं. मी तो पिशवीच्या तळाला घातला. घरी येऊन सांगितलं, "दुसरा हालला. पुसट आलाय. त्यानं दिलाच न्हाई."

आता परशानं त्या फोटोवाल्याला विचारलं, तर तीन वर्षांपूर्वीचं सगळं पुसून टाकलंय म्हणाला. म्हणजे जगात तो एकच फोटो आहे.

तू मात्र विसरली नाहीस. दर वर्षी दसऱ्याच्या सुमाराला, भाकरी थापताना, नाहीतर भांडी घासताना, सहज विचारायचीस, "अक्का, तो दुसरा फोटो कसा आलता वो?"

"हालला म्हणून सांगितलं न्हवं?"

"व्हय व्हय. इसरले मी."

पुढच्या वर्षी परत. गेल्या दसऱ्याला तर मी चिडून म्हणाले, "सवताचं त्वांड बगायची एवढी हौस हाय काय तुला?" तू हसलीस. "हौस न्हाई अक्का. नुसतं इच्यारलं." मला वाटायचं, ही बाई मठ्ठ आहे.

करियाला बिबट्यानं नेलं त्या पावसाळ्यात तू दोन दिवस जेवली नाहीस. त्यावरही मी जळले. मी विचारलं, "मी मेले तर एवढं रडशील काय गं?" तू नाक पुसत म्हणालीस, "तुमी कुठल्या मरतासा. तुमी आमाला पोचवून मग जाणार." असं कुणी बोलतं का? आणि बोललीस तर खरं करून दाखवायची काय गरज होती?

त्या दिवशी तुला गाडीत घालून दांडेलीच्या दवाखान्यात न्यायला निघाले तेव्हा तू डोळे उघडून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं काहीतरी बोलशील. जावेला जाऊ शेवटचं काय बोलते ते. तू म्हणालीस, "अक्का, पिंकीला थंडी बादते. रातचं पोतं घाला."

माझ्या पिंकीचं, मला. मी म्हणाले, "म्हाईत हाय मला." आणि दार ओढून घेतलं. हेच आपलं शेवटचं बोलणं. "म्हाईत हाय मला." त्यात वाईट असं काही नाही, पण याहून बऱ्या म्हणता आल्या असत्या अशा शंभर गोष्टी मला या अकरा दिवसांत आठवल्यात.

गाडीच्या मागे चारही कुत्री वळणापर्यंत पळाली. अजून तिथेच बसतात. मी जेवायला हाक मारते, ती येतात, खातात, परत वळणावर. काल मेस्त्रीनं माझा हात चाटला. मला उगीच भरून आलं. मग लक्षात आलं, तुझं पेजेचं भांडं घासून आले होते मी.

साडेतीन झाले. जाते घरी.

*

सुमे, काल इथवर लिहून उठले. आज बारावा आहे. पहाटेची कामं झालीत, माणसं यायला अवकाश आहे. रजिस्टर घरीच घेऊन आले होते, म्हणून उरलेलं लिहून टाकते.

घरी गेले, खोलीचं दार लोटलं आणि ट्रंक उघडली. खरं सांगायचं तर फोटो खराब झाला असावा अशी मनात एक आशा होती. मी तो उघडाच टाकला होता, पाकीटसुद्धा नव्हतं. आपल्याकडच्या पावसात कागद टिकत नाही. विद्याच्या बारशाचे फोटो असेच गेले, तोंडांच्या जागी पांढरे ठिपके. म्हटलं बुरशीनं खाल्ला असेल तर देवानंच ठरवलं, मला सांगायची पाळी नको. शालू बाजूला केला.

खाली फोटो नव्हता. एक पुरचुंडी होती. तुझ्या जुन्या निळ्या लुगड्याचा तुकडा, घडी घातलेला, वरून सुतळी. आणि सुतळीला ती तुझी दुहेरी गाठ, जी तू काकडीच्या, भोपळ्याच्या बियांच्या पुरचुंडीला मारतेस आणि जी मला कधी एका हातानं सोडवता येत नाही.

मी खालीच बसले. दातानं गाठ सोडली. आत निरगुडीचा पाला, बियाण्यात घालतेस तसा, कसर लागू नये म्हणून. आणि पाल्याच्या मधे फोटो. कालच धुऊन आणल्यासारखा. एक ठिपका नाही, एक कोपरा दुमडलेला नाही.

पाला एका वेळचा नव्हता, सुमे. तळाला नुसता तपकिरी भुगा. त्यावर चुरा होणारी पानं. आणि सगळ्यात वर गेल्या दसऱ्याची, वाळलेली, पण अजून हिरवी छटा असलेली, वास येणारी. तीन थर.

पाऊस संपला की दर वर्षी घरातल्या सगळ्या ट्रंका अंगणात उन्हाला कोण घालतं? मी अंगणवाडीत असते. तूच घालतेस. शालू, चादरी, सासूबाईंची शाल, सगळं काढून, झटकून, परत त्याच घडीत ठेवतेस. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी बसमधून उतरून लपवायला जागा शोधली, ती नेमकी तुझ्या हाताखालची. घरात दुसरी इतकी मोकळी जागा नव्हती. आणि मी तुला मठ्ठ म्हणायची.

दर वर्षी त्याच आठवड्यात तू विचारायचीस. फोटो बघून, पाला बदलून, गाठ मारून, जागेवर ठेवून, मग चुलीपाशी येऊन विचारायचीस, कसा आलता वो. आणि मी तुझ्या तोंडावर खोटं बोलायची, आणि तू "इसरले" म्हणायचीस.

मला आधी लाज वाटली. फार वेळ नाही. मग राग आला. एकदा तरी झिंज्या धरायच्या होत्यास माझ्या. फोटो आणून पुढ्यात आपटायचा होतास. मी उलटून बोलले असते, तू रडली असतीस, आपण महिनाभर बोललो नसतो आणि मग कशावरून तरी परत बोलायला लागलो असतो. फिट्टंफाट झाली असती. पण तू कुत्र्यांशी वागायचीस तशीच माझ्याशी वागलीस. बोलावलं नाहीस. बसून राहिलीस.

बाहेर फोटोवाल्याची गाडी वाजली. परशा कार्ड घेऊन उठला होता. मी गेले आणि त्याच्या हातातलं कार्ड काढून घेऊन तिथे फोटो ठेवला.

"ह्यो माज्याकडं हुता," मी म्हणाले. "हालला न्हवता. मीच लपवून ठेवलता. तीन वर्सं."

विद्या माझ्याकडे बघतच राहिली. हे म्हणाले, "आगं पर का?" परशा फोटोकडे बघत होता. त्यानं शर्टाच्या बाहीनं तो पुसला, पुसायला काही नव्हतं तरी. मग खाली बघत म्हणाला, "म्हाईत हाय वैनी."

"काय म्हाईत हाय?"

"तिनं दाखवला हुता मला. म्हणाली, अक्का देतील आपणहून. आपण मागायचं न्हाई."

सुमे, तो माणूस सकाळपासून ते आधारकार्ड घेऊन बसला होता. फोटो कुठे आहे ते त्याला माहीत होतं. दहा पावलांवर ट्रंक होती. मी बाहेर आले नसते तर त्यानं मुकाट्यानं कार्ड दिलं असतं, आणि जन्मभर तुझ्या त्या चोराच्या तोंडाला हार घातला असता. तू सांगितलंस म्हणून. माझा नवरा माझं सांगितलेलं मीठसुद्धा आणत नाही.

फोटोवाल्यानं फोटो उन्हात धरला. म्हणाला, लई झकास येईल, उद्या पैल्या बसनं पाठवतो. मग ह्यांना तो हात दिसला. "ह्यो हात काढून टाका," हे म्हणाले. "जित्या माणसाचा हात हाराखाली बरा न्हवं." फोटोवाला म्हणाला, काढता येतो, कुत्री बी काढता येतात, मांडीतलं तेवढं अवघड हाय.

विद्या वाकून बघत होती. ती रडायलाच लागली. "नको," म्हणाली. "बगा तरी. आईनं किती मायेनं हात ठेवलाय काकीच्या खांद्यावर."

सगळ्यांनी बघितलं. आणि खरंच तसंच दिसतं, सुमे. बोटं पसरलेली, तुझ्या खांद्याला टेकलेली, बांगड्या खाली ओघळलेल्या. परशानं मान हलवली. त्याचे डोळे भरले. मी सांगायला तोंड उघडलं, की हा हात ठेवलेला नाही, हा ओढायला आलेला हात आहे. एवढं सगळं कबूल केलं होतं, त्यात हेही बसलं असतं. नाही बोलले. "ऱ्हाऊ दे," म्हणाले. "हात बी ऱ्हाऊ दे, कुत्री बी."

आता मोठा करून आलाय. पाटावर ठेवलाय. झेंडूचा हार मीच करून घातला, आणि तो नेमका माझ्या मनगटावरून गेलाय. थोड्या वेळानं माणसं येतील, कुळगीहून तुझी मावशी येईल, सगळी म्हणतील, जावाजावांचं किती पटायचं बघा. म्हणू देत. तो हात कशाला आला होता ते तुला माहीत होतं, आणि तरी तू तीन वर्षं त्याला पाला घातलास. इथेही तूच वरचढ ठरलीस. मला हे सोसत नाही, आणि आता सोसण्याशिवाय माझ्याकडे काही ठेवलंही नाहीस.

चौघांपैकी तीन अजून वळणावर आहेत. पिंकी सकाळी आत आली आणि पाटासमोर, फोटोकडे तोंड करून झोपली. मी बोलावलं नाही. शेजारी बसले नुसती. ती उठली नाही, माझ्याकडे आली नाही, पण गेलीही नाही.

गारठा आहे. पोतं घातलंय तिला.

पण पिंकी माझी होती, सुमे.